झडप बदलल्यावर चालायला कोण शिकवणार? मराठवाड्यातील जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांस,

सप्रेम नमस्कार.

हृदयाची झडप बदलून घरी परतणाऱ्या माणसाच्या फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड असते. त्यावर गोळ्यांची नावे आणि वेळा नीट लिहिलेल्या असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि सर्वांत खाली एक ओळ असते : ‘विश्रांती घ्या, जड काम टाळा.’ विश्रांती किती आठवडे? जड म्हणजे किती किलो? कधीपासून आणि किती चालायचे, चालताना धाप लागली तर कितपत लागलेली चालते, मोटारसायकलवर कधी बसायचे, शेतात कधी उतरायचे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. त्या ओळीच्या जागी एक पूर्ण पान यावे आणि त्या पानावरचे समोर उभे राहून करून घेणारे माणूस प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी भेटावे, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलामुलींना खो-खो शिकवतो. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणाऱ्या माझ्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. चाळिशीनंतर ती आवळत गेली आणि तिच्या जागी यांत्रिक झडप बसवावी लागली. व्यायाम हाच माझा रोजचा धंदा असल्यामुळे काय विचारायचे हे तरी मला कळत होते. एकेक उत्तर मिळवायला तरीही फार खटपट करावी लागली. कुणी फिजिओथेरपिस्ट ओळखीचे निघाले म्हणून, कुणी डॉक्टर वेळ देऊन बोलले म्हणून ते जमले. ज्याला काय विचारायचे हेच ठाऊक नसते त्याची काय गत होते, ते कळंब-केजच्या पट्ट्यात मी जवळून पाहतो आहे.

या रुग्णांचे वय आधी ध्यानात घ्यावे. परदेशी माहितीपत्रकांत झडपेचा रुग्ण बहुधा सत्तरी ओलांडलेला असतो, वयामुळे चुना साचून त्याची झडप कडक झालेली असते. आपल्याकडे मात्र कितीतरी जण ऐन उमेदीतले असतात. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे विसरले गेले. स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती त्या वेळी स्वतःच्याच झडपांवर उलटते आणि पुढे दहा-वीस वर्षांनी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, आवळून धाप लागायला लागते. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलीन यांतून येणारे हे दुखणे आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया होते ती तिशी-पस्तिशीतल्या बाईची. ती पाणी भरते, खुरपायला जाते, दसऱ्या-दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. तिच्या आयुष्यात व्यायाम म्हणून वेगळे काही नसते. डोक्यावरचा हंडा, हातातला कोयता आणि गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढवायची उसाची मोळी हेच तिचे कष्ट, आणि तिला परत जायचे असते ते याच कष्टांकडे.

शस्त्रक्रियेपर्यंतची वाट सरकारने आणि देशातल्या संशोधकांनी पुष्कळ सोपी केली आहे, हे मी मनापासून मान्य करतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत आपले नांदेड होते. आज तीच योजना महात्मा फुलेंच्या नावाने चालते आणि झडप बदलण्याचा खर्च उचलते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेली स्वस्त झडप १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, त्यानंतर ती एक लाखाहून अधिक हृदयांत बसली. जमीन न विकता, सावकाराकडे न जाता गरिबाची झडप बदलली जाते, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्यापुढचे तीन महिने माणसाला वाऱ्यावर सोडलेले बघवत नाही.

घरी आल्यावर दोनपैकी एक घडते. पहिले म्हणजे भीती. छाती उघडून काळजाला हात लावला, आता ते जपायचे, असे सगळ्या घराला वाटते. रुग्ण अंगणात दोन फेऱ्या मारायला निघाला की ओसरीवरून आवाज येतो, “आता कशाला चालू लालास? पड की गप.” प्रेमापोटीच बोलतात. पण महिनोन्महिने पडून राहिल्याने मांड्या-पोटऱ्या वाळतात, छातीत कफ साचतो, जरा उठले की चक्कर येते आणि ती अशक्ततेची धाप म्हणजे हृदयच बिघडले असे वाटून माणूस आणखी पडून राहतो. झडप उत्तम चालत असताना वर्षभर खाटेवर काढलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरे याच्या उलट. टाके सुकले, वरून जखम दिसेनाशी झाली, म्हणजे बरे झाले. विशेषतः सुनेच्या बाबतीत हे फार लवकर ठरते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो आणि वर हंड्याचे वजन. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारांनी बांधलेले असते. ते जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पक्के व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नये, ओढू नये, ढकलू नये असे सांगितले जाते. हापसा मारणे, बादलीने पाणी शेंदणे, कणकेचा मोठा गोळा जोर लावून मळणे, लेकराला कडेवर घेणे हे सगळे त्यात आले. ‘जड काम टाळा’ वाचून तिला यांतले एकही आठवत नाही, कारण तिच्या लेखी ती जड कामेच नाहीत.

मैदानावर घोटा मुरगळलेल्या मुलीलाही आम्ही ‘विश्रांती घे’ एवढेच सांगून सोडत नाही. किती दिवस बर्फ, कधी सरळ रेषेत चालणे, कधी हळू पळणे, कधी पाटीवर बसणे, कधी खांबाला वळसा, सगळे ठरलेले असते. झडप बदललेल्या माणसाचीही अशीच वाट ठरलेली आहे आणि ती डॉक्टरांना पाठ आहे. ती रुग्णापर्यंत पोचत नाही, एवढेच अडले आहे. मला तज्ज्ञांकडून जे कळले आणि जे त्या पानावर यावे असे वाटते, ते इथे लिहितो. वाचणाऱ्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे. कुणाची झडप कोणती, हृदयाची ताकद किती, छाती मधून उघडली की बाजूच्या छोट्या छेदातून काम झाले, यावर बरेच बदलते.

सुरुवात रुग्णालयातच होते. तीन गोळ्यांचे जे यंत्र देतात, ते श्वास आत ओढण्यासाठी असते. बरेच जण त्यात फुंकतात आणि जवळून जाणारे कुणी थांबून दुरुस्त करत नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि मग बसायचे. हातांवर जोर देऊन छाती उचलायची नाही. आपल्याकडे अंथरूण जमिनीवर असते, म्हणून पहिले काही आठवडे तरी खाट किंवा बाज हवी, हे घरच्यांना आधीच सांगायला हवे. शौचाला कुंथायचे नाही, श्वास रोखून जोर लावायचा नाही. प्राणायाम कर, सूर्यनमस्कार घाल असा सल्ला गावात प्रत्येक जण देतो. संथ श्वसन चालते. श्वास कोंडून धरणारा कुंभक आणि हातांवर शरीर तोलायला लावणारा सूर्यनमस्कार हाड पक्के होईपर्यंत नको.

मग चालणे. घरी आल्यावर सपाट जागी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. रोज मिनिट-दोन मिनिटे वाढवायची. सगळे सुरळीत असेल तर चार ते सहा आठवड्यांत सलग अर्धा तास चालता येते. आधी पाच मिनिटे सावकाश, शेवटची पाच मिनिटे सावकाश, एकदम थांबून खाली बसायचे नाही. किती वेगाने चालायचे याची खूण सोपी आहे : चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागले की वेग कमी करायचा. नाडी मोजून वेग ठरवावा असे मोबाईलवर पाहून बरेच जण करतात, पण ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी हवी तितकी चढत नाही आणि माणूस स्वतःला जास्त ताणतो. बोलण्याची खूणच इथे भरवशाची.

मायट्रल झडपेच्या रुग्णांबद्दल वेगळी ओळ हवी. वर्षानुवर्षे धाप सोसल्यामुळे त्यांच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढलेला असतो, कुणाचे ठोके कायमचे अनियमित झालेले असतात. महाधमनीची झडप बदललेला माझ्यासारखा माणूस ज्या वेगाने सुधारतो, त्या वेगाने या बायका सुधारत नाहीत. तिला आळशी ठरवण्याआधी हे घरच्यांना समजलेच पाहिजे, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून समजले पाहिजे.

केव्हा थांबायचे, हे त्या पानावर सर्वांत ठळक छापावे. छातीत दुखणे (जखमेचे ठणकणे वेगळे), अंधारी येणे, ठोके एकाएकी सैरभैर होणे, बसल्यावरही न ओसरणारी धाप, हालचाल करताना छातीच्या हाडात कटकट होणे किंवा जखमेतून पू येणे. पाय सुजले आणि एका दिवसात किलोभर किंवा तीन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढले तर शरीरात पाणी साचते आहे. ताप आला तर तो साधा समजून अंगावर काढायचा नाही, नव्या झडपेवर जंतू बसण्याचा धोका असतो. यांतले काहीही दिसले की व्यायाम बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपला उन्हाळाही त्या पानावर हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि क्षार अशा दिवसांत लवकर घटतात. चालायचे ते सूर्य वर यायच्या आत. पाणी किती प्यायचे याचा आकडा डॉक्टरांनी सांगावा, कारण एकाला पाणी मोजून प्यायला सांगितलेले असते आणि दुसऱ्याला तसे नसते.

आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना सुचणार नाही. शस्त्रक्रियेला नेताना घरात नवस बोललेला असतो, ‘बरा होऊन येऊ दे, चालत तुळजापूरला आणते.’ कोजागरीला हजारो माणसे अनवाणी चालत तुळजापूरला जातात. एकट्या सोलापूरहूनच ते अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. झडप बदललेल्या माणसाने पुढे कधीतरी ते चालावे, याला माझी ना नाही. मलाही जायचे आहे. पण त्याच वर्षी, अनवाणी, रात्रभर जागून, उपाशीपोटी नको. पायाच्या जखमेतून जंतू शिरणे आणि गोळीची वेळ चुकणे, दोन्ही महागात पडतात. नवस पुढच्या वर्षी फेडा, असे डॉक्टरांनी स्वतः घरच्या मोठ्यांना सांगितले तर ते ऐकतात. रुग्णाने सांगितले तर ऐकत नाहीत.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल, कारण खेळाडूंच्या दृष्टीने तिथेच सगळे अडते. यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर तपासणी करत राहावी लागते. साध्या हिशेबाने महाधमनीच्या झडपेला हा आकडा २ ते ३ आणि मायट्रलच्या झडपेला २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवतात. आकडा खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. म्हणून कुस्ती आणि कबड्डी बंद. खो-खोतली सूर मारून केलेली झेप आणि खांबावर आपटण्याची शक्यता पाहता मी स्वतः पाटीवर बसणे कायमचे सोडले आहे. शिकवणे सोडलेले नाही. चालणे, सायकल, हाड भरल्यावर हलक्या वजनाचे व्यायाम, हे सगळे उरतेच आणि ते पुरेसे आहे. डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जायचे.

यातला धोका मैदानापेक्षा मेडिकलच्या दुकानात जास्त आहे. चालायला सुरुवात केली की पोटऱ्या दुखतात, मग माणूस दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो किंवा गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घेतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि इंजेक्शनच्या जागी रक्त साकळते. ‘मला झडप बसवली आहे, ही गोळी चालू आहे’ असे लिहिलेले कार्ड खिशात असावे आणि ते आधी दाखवावे. ज्यांना लहानपणच्या त्या तापामुळे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीन चालू आहे, त्यांनी ते झडप बदलली म्हणून आपल्या मनाने थांबवू नये.

हे सगळे कागदावर आले तरी भीती कागदाने जात नाही. बाजूला चालणारे कुणीतरी लागते. डेन्मार्कमध्ये झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या १४७ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्यांनी १२ आठवडे ठरवून व्यायाम केला, त्यांची शारीरिक क्षमता चार महिन्यांनी इतरांपेक्षा चांगली भरली. मानसिक आरोग्यात मात्र तसा फरक दिसला नाही, हेही नोंदवतो. आपल्या देशात ‘योग-केअर’ नावाचा योगावर आधारलेल्या पुनर्वसनाचा प्रयोग २४ रुग्णालयांतल्या जवळजवळ ४,००० रुग्णांवर झाला. ते रुग्ण हृदयविकाराच्या झटक्याचे होते, झडपेचे नव्हते, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण पुनर्वसनासाठी महागडी यंत्रे लागतातच असे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आपल्याकडे काय लागेल? सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, या चाचणीला ३० मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ, खुर्ची, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर लागते. असा व्हरांडा तुमच्या प्रत्येकाच्या इमारतीत आहे. महिन्याभराने पुन्हा मोजले की रुग्णाला स्वतःची सुधारणा आकड्यात दिसते आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून तो पुढचे पाऊल टाकतो. व्यायाम सुरू करण्याआधीची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी), एक फिजिओथेरपिस्ट, हाक मारली की येणारे एक फिजिशियन आणि आठवड्याचा एक ठरलेला वार एवढ्यावर सुरुवात होते. त्याच दिवशी त्याच इमारतीत आयएनआर झाली तर त्यासाठीची वेगळी फेरी आणि बुडणारी मजुरी वाचेल.

अडचण कुठे येणार, याचीही मला कल्पना आहे. शस्त्रक्रिया होते एका शहरात, बहुतेक वेळा योजनेतल्या खासगी रुग्णालयात. जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याचे, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, आणि गाव कुठल्याशा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत. झडप बदलून कोण घरी आले, हे या तिघांपैकी कुणालाच कळवले जात नाही. म्हणून तुम्हा दोघांना एकत्र लिहिले आहे. योजनेतून ज्याची झडप बदलली त्याचे नाव त्याच्या संमतीने जिल्ह्याकडे यावे, तिथून आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि आशाताईकडे जावे. आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते तशी या घरीही जाईल. वजन, पायाची सूज, ताप आणि गोळी एवढे विचारायला तिला शिकवता येते.

ऊसतोडीच्या घरांसाठी एक कागद वेगळा हवा. मजुरीपोटी आगाऊ उचल घेतलेली असते, मुकादमाला माणूस हवा असतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ‘अमुक तारखेपर्यंत वजन उचलणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे’ असा सही-शिक्क्याचा दाखला रुग्णालयाने न मागता द्यावा. त्याने उचल फिटत नाही, हे मला माहीत आहे. पण तो दाखवून मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलता येते, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मदत मागायलाही काहीतरी हातात राहते.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. वर लिहिलेल्या पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. तो तुमच्या तज्ज्ञांनी तपासावा, चुकीचे खोडावे, राहिलेले घालावे आणि आपल्या नावाने छापावे. माझे नाव कुठेही नको. धाराशिवला आठवड्याचा वार ठरला तर शाळा सुटल्यावर येऊन व्हरांडा मोजणे, खुणा आखणे, रुग्णांबरोबर चालणे यासाठी मी आणि माझ्या ओळखीचे दोन-तीन क्रीडाशिक्षक तयार आहोत. दसरा झाला की टोळ्या गाड्यांत बसू लागतात. त्याआधी निदान पान आणि दाखला या दोन गोष्टी तयार व्हाव्यात, आणि काय ठरले ते या पत्राच्या उत्तरात कळवावे, ही विनंती.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक